रोराईमाच्या पठारावर जायचं तर आधी पाण्याचा हिशेब

रोराईमाला दोर लागत नाही, हार्नेस लागत नाही. पावसाळाभर सह्याद्रीत भटकणाऱ्याला वाट झेपण्यासारखी आहे. तरीही इथे बेत फसतात, आणि फसतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. नदीला अचानक आलेलं पाणी, दिवसभर पडणारं पाणी, बुटात शिरलेलं पाणी आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्लीपिंग बॅगेत मुरलेलं पाणी. म्हणून या डोंगराचा बेत किलोमीटर मोजून आखू नका, पाणी धरून आखा.

व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे हा डोंगर उभा आहे. सर्वोच्च जागा २,८१० मीटर, वरचं पठार सुमारे ३१ चौरस किलोमीटर आणि भोवती ४०० मीटरपर्यंतचे ताशीव कडे. अशा सपाट माथ्याच्या डोंगरांना तिथले पेमोन लोक ‘तेपुई’ म्हणतात. ट्रेकर जातात ती वाट व्हेनेझुएलाच्या बाजूने. कड्याला तिरपी टेकलेली, झाडीने भरलेली एक सोंड आहे, तिला ‘रांपा’ म्हणतात. १८ डिसेंबर १८८४ रोजी एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स याच सोंडेवरून माथ्यावर पोचले. ही या डोंगरावरची पहिली नोंदलेली चढाई.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. रोराईमाचा वालुकाश्म १७० ते १८० कोटी वर्षांचा. ट्रेकरच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी की वर माती जवळजवळ उरलेली नाही. पाऊस पडला की मुरायला जागाच नाही, सगळं पाणी कड्यांवरून थेट खाली येतं. तुम्ही नदीकाठी कोरड्या उन्हात बसलेले असता आणि वर तासाभरापूर्वी पडलेला पाऊस तुमच्यासमोर कमरेइतका होऊन उभा राहतो. ओसरतोही तितक्याच लवकर. नदीचं सगळं गणित याच एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

कागदपत्रं आणि पोचणं

भारतातून सोयीचा रस्ता ब्राझीलमधून. साओ पाउलोमार्गे ब्राझिलिया किंवा मनौस, तिथून विमानाने बोआ व्हिस्टा. हे शहर ज्या राज्याची राजधानी आहे त्या राज्याचं नावही रोराईमाच, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना घोळ होतो. बोआ व्हिस्टापासून सीमेवरचं पाकाराइमा रस्त्याने सुमारे २१५ किलोमीटर आणि तिथून १५ किलोमीटरवर व्हेनेझुएलातलं सांता एलेना दे उआइरेन. ट्रेकचं सामान, मार्गदर्शक, जीप सगळं इथेच ठरतं.

भारतीय पासपोर्टवर ब्राझील आणि व्हेनेझुएला, दोन्हींचा व्हिसा लागतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ब्राझीलचा एकाच प्रवेशाचा व्हिसा घेणं. डोंगर उतरून परत ब्राझीलमध्येच शिरायचं असतं, तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. सीमा ओलांडताना ब्राझीलच्या चौकीवर बाहेर पडल्याचा शिक्का आणि पलीकडे आत आल्याचा शिक्का, दोन्ही घ्या. टॅक्सीवाले घाईत सरळ पुढे नेतात आणि राहिलेला शिक्का परतताना आडवा येतो. ही सीमा राजकीय कारणांनी बंदही होते, २०१९ मध्ये काही महिने बंद होती. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि निघण्याच्या आठवड्यात ताजी परिस्थिती विचारून घ्या.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, व्हेनेझुएलाच्या या भागात मलेरिया आहे. सांता एलेनात ब्राझिली रेआल आणि अमेरिकी डॉलर चालतात. लहान नोटा न्या. गावाकडे पुढे कार्ड किंवा एटीएमचा भरवसा धरू नका.

सांता एलेनाहून उत्तरेला सान फ्रान्सिस्को दे युरुआनी, तिथून सुमारे २५ किलोमीटर कच्चा रस्ता पाराइतेपुई या पेमोन वस्तीपर्यंत. हा रस्ता जीपचाच. डोंगर कनाइमा राष्ट्रीय उद्यानात येतो (स्थापना १९६२, जागतिक वारशात १९९४). पाराइतेपुईत नाव नोंदवून, स्थानिक मार्गदर्शक घेऊनच पुढे जाता येतं. दुपारी २ च्या आत चालायला लागलंच पाहिजे, म्हणून सांता एलेना सकाळी ७ ला सोडा.

कधी आणि किती दिवस

कोरडे महिने डिसेंबर ते एप्रिल. कोरडे म्हणजे खालच्या गवताळ माळावर कोरडे. माथ्यावर तेव्हाही कुठल्याही दिवशी पाऊस येतो. मे ते नोव्हेंबरमध्ये धबधबे भरून कोसळतात, पण नद्या अडवतात आणि पठार दिवसचे दिवस ढगात असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारी धरावा.

आयोजक ६ दिवसांचा बेत पुढे करतात: दोन दिवस चढाईच्या पायथ्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी माथा, चौथा दिवस वर फिरायला, दोन दिवसांत परत. एवढ्या लांब येऊन माथ्यावर एकच दिवस म्हणजे फार थोडं. तो दिवस ढगात गेला तर हाती काहीच लागत नाही. ८ दिवसांचा बेत घ्या आणि नवव्या दिवसाचं अन्न बरोबर ठेवा. तो नववा दिवस नदीच्या नावाने राखलेला, तो आनंदाखातर वर खर्च करायचा नाही.

सॅक

सॅकचं रेनकव्हर इथे पुरत नाही. पाठ आणि सॅक यांच्यामधून पाणी खाली ओघळतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे त्याच्याही आत, वेगळ्या ड्राय बॅगेत.

कपडे दोनच जोड. एक चालायचा, तो ओला होणार हे गृहीत धरायचं. दुसरा झोपायचा, तो काहीही झालं तरी तंबूबाहेर घालायचा नाही. सकाळी ओला, गार शर्ट पुन्हा अंगात घालणं जिवावर येतं, आणि तिथेच माणसं मोह पडून कोरडा जोड चढवतात. त्या रात्री दोन्ही जोड ओले असतात. माथ्यावर रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. ओल्या अंगाने ५ अंश म्हणजे हायपोथर्मियाला, शरीराची ऊब धोक्याइतकी उतरण्याला, आमंत्रण. माणूस थरथरतो, शब्द अडखळतात, बटणं लावता येत नाहीत. अशा वेळी त्याला चालवत नेऊ नका. आडोशाला घ्या, ओलं काढा, कोरडं घाला, गोड गरम पाजा.

स्लीपिंग बॅग सिंथेटिक भरणाची, ० ते ५ अंशांना पुरणारी. पिसांची बॅग ओलावा धरला की निकामी होते. तंबू मेखांशिवाय उभा राहणारा हवा, कारण वर मुक्काम कातळाच्या कपारीत असतो आणि वाळूत मेख धरत नाही. दगडांना बांधायला ४-५ मीटरच्या चार दोऱ्या ठेवा. चामड्याचे जड बूट नकोत, एकदा भिजले की ट्रेक संपेपर्यंत वाळत नाहीत. जाळीदार, पकडीचा सोल असलेले बूट आणि मोज्यांचे चार जोड: दोन चालायला, एक नदीला, एक झोपायला. रोज रात्री पाय पुसून, वाळवून, पावडर लावून मगच मोजे चढवायचे. पायाची कातडी भिजून पांढरी पडली की दुसऱ्या दिवशी ती फोडांसकट निघते.

हमाल ठरवणार असाल तर वजन आधी बोलून घ्या. साधारण १५ किलो धरतात आणि त्यात हमालाचं स्वतःचं सामान मोजायचं नाही. पेमोन माणसं ‘ग्वायारे’ नावाच्या विणलेल्या पाठपाटीत ओझं नेतात. तिच्यातून पाणी आरपार जातं, तेव्हा त्यांच्याकडे द्यायची प्रत्येक वस्तू आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

माळ आणि दोन नद्या

पहिल्या दिवशी १२ ते १४ किलोमीटर, चार-पाच तास. वाट उघड्या माळावरून, सावली नावालाही नाही. फुलबाह्यांचा शर्ट, टोपी आणि दोन लिटर पाणी. तेक नदी आधी लागते, कुकेनान तिच्यापुढे अर्ध्या-पाऊण तासावर, आणि अंगाने मोठी.

नियम असा की नदी उतरण्याजोगी दिसली की ओलांडायची आणि मुक्काम पलीकडे करायचा. तेकच्या काठी सपाट जागा असते, अंग शिणलेलं असतं, मार्गदर्शकही थांबायला तयार असतो. तरी उजेड आणि जोर शिल्लक असेल तर पुढे जाऊन कुकेनानही उतरून टाका. रात्री वर पाऊस झाला तर सकाळी अलीकडच्या काठावर अर्धा दिवस जातो.

ओलांडताना बूट काढून सॅकमध्ये टाका, पण मोजे पायात ठेवा. या नद्यांच्या दगडांवर शेवाळाचा पातळ थर असतो. त्यावर उघडा तळवा आणि रबरी सोल दोन्ही सटकतात, लोकरीचा किंवा जाड मोजा धरतो. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड वरच्या प्रवाहाकडे, काठी पुढे, आणि एका वेळी एकच पाऊल. काठावर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा. पंधरा मिनिटांत तो बुडाला तर पाणी चढतंय, थांबा. वाहतं पाणी मांडीपर्यंत असेल तर दोर धरूनच, मार्गदर्शक म्हणेल तेव्हाच. पाणी गढूळ होऊन काटक्या वाहून यायला लागल्या तर चर्चाच नको.

नदीकाठी पुरीपुरी असतात, टाचणीच्या डोक्याएवढे चावरे चिलट. चावताना कळत नाहीत, खाज मात्र आठवडाभर पुरते. आंघोळ उरका आणि लगेच लांब बाह्या, लांब पँट, मोजे चढवा. रिपेलंट लावून पाण्यात उतरू नका. माळावर खुळखुळ्या साप, म्हणजे रॅटलस्नेक, आहे. रात्री टॉर्चशिवाय फिरायचं नाही आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे.

दुसऱ्या दिवशी नऊ-दहा किलोमीटर सतत चढ, सुमारे १,८७० मीटरवरच्या पायथ्याच्या तळापर्यंत. अंतर कमी वाटतं, पण उन्हात पाय पिळवटून निघतात. सकाळी सहाला निघा.

रांपा

तळापासून माथा जेमतेम चार किलोमीटर, चढ सव्वाआठशे मीटरच्या आसपास, वेळ चार-पाच तास. सुरुवातीला झाडांच्या मुळांवरून खडा चढ, हात मोकळे ठेवा, काठ्या आखडून सॅकला लावा. तासा-दीड तासाने वाट कड्याला भिडते. मधे एके ठिकाणी मिळवलेली उंची घालवत खाली उतरावं लागतं. वाट चुकली असं वाटतं, पण तीच बरोबर आहे.

शेवटी ‘पासो दे लास लाग्रिमास’, अश्रूंची खिंड. कड्यावरून पाण्याची धार थेट वाटेवर पडते आणि खाली सुटे दगड. कोरड्या दिवशी हे टपकणं असतं, पाऊस लागला की ओढा होतो, आणि तेव्हा दगडही पाण्याबरोबर घरंगळतात. अलीकडच्या आडोशाला थांबा. पाऊस उघडला की तासा-दोन तासांत जोर ओसरतो. पार करताना एकामागे एक जा, आठ-दहा मीटर अंतर सोडून, म्हणजे वरच्याने सोडलेला दगड खालच्याला लागणार नाही. या दिवशी तळ सकाळी सातच्या आत सोडला पाहिजे, कारण वाट पाहायला वेळ हाताशी हवा.

पठारावर

वर मुक्कामाच्या जागांना ‘होटेल’ म्हणतात: इंडिओ, प्रिन्सिपाल, ग्वाचारो वगैरे. म्हणजे पुढे आलेल्या कातळाखालची कपार, खाली वाळू, दोन-चार तंबूंपुरती जागा. आधी आलेल्याला चांगली कपार मिळते, मार्गदर्शक आपसात ठरवतात.

पठार सपाट आहे म्हणून वाट सोपी, असं मुळीच नाही. काळ्या कातळाचे मनोरे, खोल भेगा, डबकी, गुडघाभर चिखल आणि दहा मिनिटांत येणारं धुकं. दिशा धरायला कातळाचा रंग पाहायचा. हा काळा रंग दगडाचा नसतो, वर वाढलेल्या शेवाळ-दगडफुलाच्या पापुद्र्याचा असतो. आतला वालुकाश्म फिकट गुलाबी. जिथे बुटांनी पापुद्रा झिजला आहे तिथे काळ्यातून एक गुलाबट रेघ निघते, तीच वाट. तिच्यावर पकडही चांगली मिळते, काळ्या ओल्या दगडावर पाय सटकतो. धुक्यात रेघ दिसेनाशी झाली तर एकानेही पुढे जाऊ नये. सगळ्यांनी जागेवर थांबायचं, तीन शिट्ट्या, आणि मार्गदर्शकाने परत यायचं. जीपीएस दिशा दाखवतो, मधली चार मीटर रुंद भेग दाखवत नाही. भेगांवरून उडी मारू नका. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. हेलिकॉप्टर ढगात येत नाही, त्यामुळे मुरगळलेला घोटाही इथे मोठं प्रकरण होतं.

चौथा दिवस दक्षिणेकडे: मॅव्हरिक हा सर्वोच्च खडक, ‘ला व्हेंताना’ ही कड्यावरची खिडकी, स्फटिकांच्या तळाची ‘जकूझी’ कुंडं. खिडकीवर पहाटे जा, दहानंतर ढग भरतात. समोर मातावी, म्हणजे कुकेनान तेपुई, दिसतो. पाचवा दिवस उत्तरेला: स्फटिकांची दरी, तीन देशांचा त्रिकोणी खांब आणि ‘एल फोसो’ हा गोल बुडालेला डोह. जायलाच चार-पाच तास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन होतं, पण दहा तास चालावं लागतं. त्यापेक्षा ब्राझीलच्या बाजूच्या कोआती होटेलात रात्र काढून सहाव्या दिवशी परतणं चांगलं.

चालताना गुडघ्यावर बसून एक तरी हेलिअँफोरा, ही कीटक खाणारी वनस्पती, बघा. वीतभर उंचीचं पान गुंडाळून झालेला हिरवट-तांबूस कलश, टोकाला लाल चमच्यासारखं झाकण. कलशाच्या अंगाला एक बारीक चीर असते. पाऊस जास्त झाला की जादा पाणी तिथून निथळतं आणि आत पडलेला किडा आतच राहतो. शेजारी लालभडक दवबिंदू (ड्रॉसेरा) ही वनस्पती आणि सीतेच्या आसवांची भावंडं भेटतील. कासच्या सड्यावर कीटक खाणाऱ्या वनस्पती ज्या कारणाने वाढतात तेच कारण इथे: पाणी भरपूर, जमिनीत नायट्रोजन नाही. त्याच दगडांवर दोन-तीन सेंटिमीटरचा काळा बेडूक असतो, ओरिओफ्रिनेला. त्याला उडी मारता येत नाही, तो चालतो. हातात घेऊ नका. तुमच्या हाताला लागलेलं रिपेलंट त्याच्या कातडीतून आत जातं.

ही झाडं फार सावकाश वाढतात. चिखल टाळायला कडेच्या गवतावर पाय दिला की वाट रुंदावत जाते, म्हणून दगड नसेल तर चिखलातूनच जा. बूट तसाही ओलाच आहे.

खाणं, शौच आणि उतरण

माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं अन्न धरा. माथ्यावर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ शिजता शिजत नाही आणि इंधन जळतं. दडपे पोहे, उपम्याचं तयार मिश्रण, भिजवलेली मूगडाळ, चिक्की, मेतकूट उपयोगी. बाहेरदेशी विमानतळावर सुट्या पिशव्या अडतात, कारखान्याचं सील असलेली पाकिटंच न्या. शाकाहारी असाल तर आयोजकाला ‘टूना नको, चिकन नको’ असं नाव घेऊन सांगा, नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की मासे येतात. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, स्टोव्ह आणि इंधन सांता एलेनात ठरवा. चूल पेटवायला बंदी आहे. ओढ्यांचं पाणी चहासारखं दिसतं, तो कुजलेल्या पाल्याचा रंग. क्लोरीनची गोळी टाकून अशा पाण्याला तासभर द्या.

शौचासाठी वेगळा तंबू असतो. पिशवीत जायचं, वर चुना टाकायचा, तोंड बांधायचं आणि पिशवी खाली आणायची. ती कोण वाहणार आणि त्याचे जादा पैसे किती, हे आधीच ठरवा.

सातव्या दिवशी माथ्यावरून थेट तेकच्या अलीकडे, म्हणजे गावाच्या बाजूला, यायचं. दीड हजार मीटरहून अधिक उतार, आठ-नऊ तास, आणि दोन्ही नद्या त्याच दिवशी मागे टाकायच्या. राखीव दिवस लागलाच तर इथे लागतो. दोन काठ्या आणि गुडघ्याची पट्टी याच दिवसासाठी आणलेली असते.

पाराइतेपुईत परतल्यावर सॅक उघडून तपासतात. स्फटिक, दगड, झाड काहीही खाली आणायला मनाई आहे. बुटाच्या खाचेत अडकलेले खडेसुद्धा वरच झटकून या. आणि लसीचं पिवळं कार्ड सॅकच्या तळाशी टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा. त्या भागातून मुंबईला उतरल्यावर ते मागतात, आणि दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.